नवरीची लाल एट हंड्रेड

नागावला विनिता घरतच्या शेडवर पहिल्यांदा गाडी घेऊन येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, "पेंटर कुठाय?" समोर बाई उभी असते, तिच्या हातात पत्रा घासायचा वॉटर पेपर असतो, कोपरापर्यंत प्रायमर लागलेला असतो, तरी विचारतो. विनिता सरळ गाडीपाशी जाते आणि ओरखड्यावरून नख फिरवते. नख अडकलं तर रंग मारावा लागणार, नाही अडकलं तर नुसत्या रबिंगने, म्हणजे घासून चकाकी आणून, भागणार. मग तो माणूस मुकाट्याने चावी तिच्या हातात देतो. गेली अठरा वर्षं हे असंच चाललंय.

तिची स्वतःची गाडी मात्र बघवत नव्हती. कुणा बंगलेवाल्याने सहा पावसाळे माडाखाली टाकून दिलेली मारुती एट हंड्रेड. मूळची लाल, आता विटून गुलाबी झालेली. टपावर नारळ पडून खळगा, दारं खालून गंजलेली. भंगारवाला न्यायला आला होता, त्याच्या हातून विनिताने ती सोडवून आणली. सगळ्या आळीने तिला वेड्यात काढलं. "लेकीचं लग्न याच गाडीतून लावीन," असं ती तेव्हा रागाच्या भरात बोलून गेली होती. आणि विनिता बोलली की विषय संपला.

लेकीचं, प्रणालीचं, लग्न ठरलं ते पनवेलच्या घरात. साखरपुड्याला मुलाचे मामा, शिवदास, आले ते नव्या कोऱ्या काळ्या गाडीतून. ट्रेलरचा धंदा, अंगावर पांढरे शुभ्र कपडे. शेडमधली एट हंड्रेड बघून त्यांनी नाक मुरडलं.

"विहीणबाय, नवरी आमच्या गाडीतून न्यायची. या डब्यातून काढलीत तर लोकं हसतील."

"हसू द्या की," विनिता म्हणाली. "माझी पोर माझ्याच गाडीतून जाणार."

"आन् रंग ओला ऱ्हायला तर? माझा सदरा लाल व्हायचा!" सगळा मांडव हसला. विनिताही हसली, पण दात आवळून.

लग्नाला पाच दिवस असताना गाडी रंगाला तयार झाली. गंज खरवडून पत्रा उघडा केला होता, खळगे ठोकून वर आणले होते, पुट्टी भरून घासली होती, प्रायमर सुकला होता. सकाळी विनिता रंग जुळवून आणायला अलिबागला गेली. दुकानदाराने तीनदा रंग चुकवला, ती परतली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. एरवी ती रंगाचा फवारा धरण्याआधी, पत्र्यावर काही चिकट राहू नये म्हणून, सगळी गाडी थिनरच्या फडक्याने पुसायची. त्या दिवशी तिने पुसली नाही. उजेड जाईल म्हणून घाई केली.

पहिला हात मारला आणि बॉनेटवर रंग फाटायला लागला. बारीक गोल भोकं, एकाशेजारी एक, माशाच्या डोळ्यांसारखी. मग दारांवर, मग टपावर. विनिताने बोटाने चोळून वास घेतला. खोबरेल.

शेडच्या दारात तिचे वडील बसले होते. बुधाजी. सगळं आयुष्य पेणकडच्या मिठागरावर गेलेला माणूस. तिथे दिवसाचं काम संपलं की फावड्यावर, घमेल्यावर तेलाचा हात फिरवल्याशिवाय कुणी घरी जात नसे, नाहीतर चार दिवसांत लोखंडाची चाळण.

"बाबा, गाडीला त्याल तू लावलास?"

"व्हय," म्हातारा कौतुकाने म्हणाला. "उगडी ठेवलीवतीस ना. खारा वारा खातो लोखंडाला. सगली पुसली बग, चाकापरयंत."

विनिताच्या डोक्यात तिडीक गेली. "हात लावू नको माज्या गाडीला! परत कदी लावू नको!"

बुधाजीने हात मागे घेतले.

नवरा, जीवन, म्हणाला, "जाव दे आता, मामांची गाडी हाय ना?" विनिताने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने निमूटपणे वॉटर पेपर उचलला.

पुढचे चार दिवस दोघं त्यातच होते; सगळ्या गाडीचा रंग उतरवला. ती थिनरने धुतली, घासली, पुन्हा पुसली, पुन्हा घासली आणि मग नव्याने रंगवली. वहिन्या निमंत्रणाच्या याद्या घेऊन यायच्या आणि तिचा अवतार बघून परत जायच्या. हळदीच्या दिवशी बायका पिवळ्या झाल्या, विनिताच्या नखांत लाल होतं. एकीने टोमणा मारला, तर तिने हात आणखी वर करून दाखवला. मात्र या चार दिवसांत बुधाजी शेडकडे फिरकला नाही. अंगणात बसायचा, दोन्ही हात काखेत घालून. विनिताला ते दिसत होतं. घाईत पुसायचं आपणच टाळलं हेही तिला ठाऊक होतं, आणि ते मनात डाचत होतं.

पाठवणीच्या वेळी मांडवापुढे दोन गाड्या उभ्या राहिल्या. मामांच्या माणसाने काळ्या गाडीचं दार उघडलं. प्रणाली त्या दारापुढून गेली आणि लाल गाडीपाशी जाऊन थांबली. लाल म्हणजे अशी चकचकीत, की तिच्या शालूचे काठ दाराच्या पत्र्यात आरशासारखे दिसत होते.

शिवदासमामा जवळ आले, पण दोन हात लांबच राहिले. "वाळलाय ना नक्की?"

विनिताने त्यांचा हात धरला आणि बॉनेटवर दाबला. "चोळा, मामा. सदऱ्याला पुसा." मामांनी तळहात पाहिला. कोरडा होता. सगळी आळी जोरात हसली.

गाडी सुरू करायला जीवन आत बसला, तर विनिता म्हणाली, "थांब." ती गर्दीतून मागे गेली. मांडवाच्या खांबाला टेकून बुधाजी उभा होता, हात काखेत. तिने त्याला सगळ्यांसमोर पुढे आणलं.

"बाबा, चूक माजी व्हती. मी पुसलं न्हवतं. हात लाव."

बुधाजी जागचा हलेना. मग त्याने दोन्ही तळहात धोतराला पुसले, उलटे-सुलटे, पुन्हा पुन्हा, आणि तिच्यापुढे धरले.

"बग बाय," तो म्हणाला, "त्याल न्हाय."