गोदूच्या निवट्या

आमच्या कोळीवाड्यात गोदूशी भांडली नाही अशी बाई शोधून सापडायची नाही. मी तर शेजारीण, माझा नंबर पहिला. पण पनवेलची ही खाडी मेली म्हणून सगळ्यांनी सोडली, तेव्हा चिखलात उतरली ती गोदूच.

वरच्या कारखान्यांचं पाणी वर्षानुवर्षं खाडीत सुटलं, कधी तांबडं, कधी काळं. मासे पोट वर करून तरंगले, काठची तिवराची झाडं वाळली. पुरुष कंटेनर यार्डात कामाला लागले. गोदू मात्र भरतीबरोबर वाहून आलेली तिवराची फळं वेचायची आणि गुडघाभर चिखलात जाऊन रोवायची. "मेलेलीला हळद लावतेय," म्हणून आम्ही हसायचो. पण तिवरं लागली. काही पावसाळ्यांत आत शिरलेला माणूस दिसेना इतकी दाटली. मग खेकडे, म्हणजे आमच्या चिंबोऱ्या, आल्या, आणि एक दिवस चिखलावर निवट्या उड्या मारताना दिसल्या. निवटी म्हणजे चिखलात बीळ करून राहणारा बोटाएवढा मासा. निवटी आली की चिखल चांगला, हे आमच्यात पक्कं. गोदू त्या दिवशी नाचली. खोटं नाही सांगत, साठीची बाई काठावर नाचली.

तेव्हाच तिची सून रोशनी बाळंत झाली, आणि तिला दूध येईना. त्यावर आमच्यात एकच औषध, निवट्यांचं कालवण. रोशनीला त्या वासानं उमासे यायचे. गोदू समोर ठाण मांडून बसायची. "गिळ गो, पोराच्या नावानं गिळ." दूध आलं, भरपूर आलं. नातू प्रणित गुटगुटीत झाला आणि गोदूची मान अशी ताठ झाली की काही विचारू नका.

प्रणित अडीच वर्षांचा असताना गावानं मांडव घालून गोदूचा सत्कार केला. खाडीवर अभ्यास करणाऱ्या कॉलेजच्या झेबा मॅडम बोलायला आल्या होत्या. म्हणाल्या, "या झाडांचे उपकार माना. पाण्यातलं शिसं, पारा ती मुळाशी चिखलात धरून ठेवतात, पुढे जाऊ देत नाहीत." टाळ्या पडल्या. गोदूच्या अंगावर शाल होती. तिनं बसल्या जागेवरून विचारलं, "आन् चिखलात जो मासा ऱ्हातो, त्याच्या पोटात?"

"जातंच ना, मावशी. म्हणून तिथलं खाऊ नये. बाळंतिणीनं तर मुळीच नाही."

रोशनी समोरच बसली होती, मांडीवर प्रणित. त्याला अजून एक शब्द येत नव्हता.

तपासणीत पोराच्या रक्तात शिसं निघालं. डॉक्टर म्हणाले, कुठून गेलं ते छातीठोक सांगता येत नाही, पण झालंय ते पुरतं भरून येणं कठीण. रोशनी पोराला घेऊन जासईला माहेरी गेली. जाताना सासूला एवढंच म्हणाली, "त्याला बघाया येऊ नका."

गोदू कोयता घेऊन तिवरात शिरली. दोन झाडं पाडली असतील, तोच चिखलाचे नमुने घ्यायला आलेल्या झेबा मॅडमनी तिचा हात धरला. "तोडू नका, मावशी. मुळं सुटली की सगळं पाण्यात जाईल, अख्ख्या खाडीत." कोयता तिनं तिथंच टाकला. मला राग येतो तो याचा. ज्यांनी विष सोडलं त्यांच्या गेटावर अजून गुलाब फुलतात, आणि ते विष सांभाळायचं मात्र हिच्या झाडांनी.

आम्ही बायका आता खाडीची मासळी पुन्हा बाजारात विकत होतो, म्हणून गावानं बैठक बसवली. ही बातमी पनवेलच्या बाजारात गेली तर आपल्या टोपलीला कोण हात लावेल? तेव्हा ठरलं, मॅडमचं बोलणं मांडवातच राहू दे. प्रणित जन्मतःच तसा होता, असंही ठरलं. गोदू ऐकेना. घरोघर सांगत फिरली, की निवट्या खाऊ नका. लोक तोंडावर दार लावत.

मग पलीकडच्या आळीतली निशा बाळंत झाली. तिची सासू चंद्रावती चुलीवर निवट्या शिजवत होती. गोदू सरळ घरात घुसली आणि टोप उचलून गटारात ओतला. चंद्रावतीनं झिंज्या धरून तिला अंगणात आपटली. "सोताचा नातू खाल्लास, आता माज्या नातवाचा दूध तोडतेस?" चार बायकांनी हात धुऊन घेतले. जुनी भांडणं सगळ्यांचीच होती.

गोदूचा मुलगा कल्पेश धावत आला. वाटलं, आईला सोडवेल. त्यानं चंद्रावतीपुढे हात जोडले. "काकी, माफ करा. आयचं डोकं फिरलंय."

गोदूच्या ओठातून रक्त येत होतं. "कल्पेश, तू तरी सांग यांना. तुज्या पोराला काय झालाय ते सांग."

कल्पेशनं आईकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, "माजा पोरगा जन्मताच तसा हाय."

 ओहोटी लागली होती. चंद्रावती टोपली घेऊन पुन्हा तिवरात उतरली.