चौघांसमोर उघडायची रेकॉर्ड

आमच्या गटाचा एक नियम आहे आणि मागच्या दिवाळीच्या सुमारास त्या नियमाने मला पार वैताग आणला. कोणीही नवी रेकॉर्ड आणली, मग ती जुन्याच ध्वनिमुद्रणाची नवी आवृत्ती का असेना, तिच्यावरचं प्लास्टिक चौघेही हजर असल्याशिवाय फाडायचं नाही. आणि ऐकून झाल्यावर, ज्याची रेकॉर्ड त्याने सगळ्यात शेवटी बोलायचं.

चौघे म्हणजे धरमपेठेतले एक निवृत्त प्राध्यापक, ज्यांच्या घरी आम्ही दर रविवारी सकाळी जमतो. सीताबर्डीवर ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा एक दुकानदार. नरखेडकडचे एक संत्रा बागायतदार. आणि मी, सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळणारी बाई. नागपुरात जॅझपायी रविवार घालवणारे चौघे सापडले हेच खूप झालं, म्हणून आम्ही एकमेकांचे नखरे चालवून घेतो.

नियम बागायतदारांचा. पूर्वी दुकानदार रेकॉर्ड घरी ऐकून, मत पक्कं करूनच यायचा आणि आम्ही ऐकत असताना ‘आता पाहा, आता पाहा’ करत जीव खायचा. तेव्हा बागायतदार म्हणाले होते की आपण चौघं एकाच वेळी अडाणी असलो तरच यात मजा आहे. मलाही ते फार पटलं होतं. माझी रेकॉर्ड तेव्हा यायची होती ना!

तिची गोष्ट अशी. कॉलेजात असताना एका शनिवारी दुपारी रेडिओवर एका छोट्या सभागृहातली मैफल लागली होती. सॅक्सोफोन, पियानो, माणसाएवढा उंच, खर्जात बोलणारा डबल बास आणि ड्रम. मी घाईघाईने कोरी कॅसेट लावून टेप करायला लागले. त्यातल्या एका लांब रचनेत सगळे वाजवायचे थांबले, एकटा बास उरला, आणि तो रंगात येतोय तोच खट्कन बटण उडालं. कॅसेटची बाजू संपली होती, आणि आमच्या टेपवर बटण उडालं की रेडिओही बंद व्हायचा. मी अडकलेली कॅसेट सोडवून, उलटी करून पुन्हा लावेपर्यंत निवेदिका हवामान सांगत होती. तेव्हापासून तीस-पस्तीस वर्षं ती रचना माझ्या डोक्यात त्या खट्पाशी येऊन थांबते. पुढे काय झालं, ते कळलंच नाही. प्राध्यापकांनी माझी कॅसेट कितीदा तरी ऐकली, पण ती मैफल कुठे रेकॉर्डवर निघाल्याचं त्यांनाही सापडलं नाही.

गेल्या वर्षी परदेशातल्या एका चिमुकल्या कंपनीने ती काढली. फक्त रेकॉर्ड, मोजक्या प्रती, फोनवर वगैरे काही नाही. मी मागवली, महिनोन्‌महिने वाट पाहिली आणि ऑक्टोबरात ती घरी आली. आणि नेमके तेव्हापासून बागायतदार यायचे बंद झाले.

पहिल्या रविवारी त्यांच्या विहिरीवरची मोटर जळाली. दुसऱ्या रविवारी बाग पाहायला व्यापारी येणार होता. तिसऱ्या रविवारी पुतणीचा साखरपुडा. चौथ्या रविवारी निरोप आला की ताप आहे. तापाला काय बोलणार? पण मनातल्या मनात मी बोलले, आणि बरंच बोलले.

त्यातून बाकीच्या दोघांनी उच्छाद मांडला. दर रविवारी मी बंद रेकॉर्ड घेऊन जायची आणि बंदच परत आणायची. मधल्या वेळात प्राध्यापक भिंग लावून कव्हरच्या मागची बारीक अक्षरं वाचायचे आणि सांगायचे की ही मूळ फितीवरूनच केलेली आहे. दुकानदार ती हातावर तोलून म्हणायचा की छे, कॉम्प्युटरमधून काढलेली दिसते, आवाज कोरडा लागणार. न ऐकलेल्या रेकॉर्डच्या आवाजावरून दोघं तासभर भांडायचे. एकदा तर दुकानदार चहा न घेताच उठून गेला. मला वाटलं, या दोघांना संगीत नकोच आहे, वादच हवा आहे.

घरी नवऱ्याला या सगळ्याची गंमत वाटत होती. “तुहीच रेकॉर्ड हाये न वं,” तो म्हणाला, “मंग ऐकून घे न. कोन पाहून राहिलं?” मी त्याला नियम समजावून सांगितला. सांगता सांगता माझा मलाच तो इतका खुळचट वाटला की मी अर्ध्यातच सोडून भांडी आवरायला लागले.

गुरुवारी सुट्टी होती. नवरा बाहेर गेलेला. दुपारी मी सरळ नखाने प्लास्टिक फाडलं. पश्चात्ताप वगैरे काही नाही, उलट बरं वाटलं. दुसरी बाजू लावली, कारण माझी रचना तिच्यातली पहिलीच होती. सॅक्सोफोन आला, पियानो आला, सगळं ओळखीचं. मग बास एकटा उरला. खट्ची जागा आली आणि गेली. बास पुढे वाजतच राहिला, आणि माझ्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात फोन वाजला. बागायतदारांचा.

मी उचलला नाही. पण नजर त्यावरून हटेना. तो वाजत होता, पलीकडे रेकॉर्ड वाजत होती, आणि मी चोरी पकडली गेल्यासारखी त्या फाटक्या प्लास्टिककडे आणि फोनकडे आळीपाळीने पाहत बसले. फोन थांबला तेव्हा रेकॉर्डमध्ये टाळ्या पडत होत्या. शेवट झाला होता आणि तो माझ्या कानांवरून गेला होता, आत काही पोचलं नव्हतं.

मी सुई उचलली आणि फोन लावला. ते खुशीत होते. “ताई, या रविवारी पक्का येऊन राहिलो,” ते म्हणाले. “तुमी थांबल्या माह्यासाठी, मले खूप बरं वाटलं.”

आता पुन्हा ऐकायची हिंमत होईना. म्हटलं, रविवारी सगळ्यांबरोबर नीट ऐकू. फक्त तोवर हे प्लास्टिक पुन्हा चढवायला हवं.

सीताबर्डीवरच्या एका गल्लीत एक माणूस रुखवताची ताटं पारदर्शक प्लास्टिकमध्ये बांधून देतो. वरून गरम हवा मारली की प्लास्टिक आक्रसतं आणि ताटाला चिकटून बसतं. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर मी त्याच्याकडे रेकॉर्ड नेली. त्याने विचारलं, वर फीत लावू का? मी म्हटलं, नको. कोपरे घट्ट बसेनात म्हणून त्याने कडेकडेने दोनदा हवा फिरवली. मी बघत उभी होते. रेकॉर्ड गाडीत उन्हात राहून वाकली म्हणून नवऱ्याशी आठवडाभर अबोला धरणारी मी, आणि मला तिथे एवढंच सुचत होतं की काम अगदी कंपनीसारखं झालंय.

रविवारी बागायतदार पिशवीभर संत्री घेऊन आले. हात धुतले, पुसले. रेकॉर्ड उघडायचा मान मी त्यांना दिला. त्यांनी ती कडांना धरून बाहेर काढली आणि खिडकीच्या उजेडात तिरकी केली. मधल्या कागदावर, भोकाजवळ, एक पुसट रेघ होती. प्लेअरवर रेकॉर्ड ठेवताना मधला खिळा घासला की अशी रेघ उमटते. कोऱ्या रेकॉर्डवर ती नसते. त्यांनी रेघ पाहिली, मग क्षणभर माझ्याकडे पाहिलं, आणि रेकॉर्ड लावली.

ती हलत होती. कड वर-खाली होत होती आणि तिच्याबरोबर सुईही. सॅक्सोफोन रडल्यासारखा लांबत होता. प्राध्यापकांनी तोंड वाकडं केलं. दुसऱ्या बाजूला माझी रचना लागली, बास एकटा उरला, तिघंही पुढे वाकले, आणि सुई उडून थेट पुढच्या रचनेत जाऊन पडली. दुकानदाराने सुईचं वजन वाढवून पाहिलं. तीनदा लावली, तीनदा तेच.

“हे लोक रेकॉर्डी दाबतात की पापड लाटतात?” प्राध्यापक म्हणाले आणि तिथल्या तिथे कंपनीला पत्र लिहायला बसले. त्यांनी मला मागणीची तारीख विचारली. मी सांगितली. वेष्टन आलं तेव्हा शाबूत होतं का? मी म्हटलं, होतं. दुकानदार आणि प्राध्यापक इतक्या दिवसांत पहिल्यांदा एकमताने बोलत होते, आणि मला स्वतःची इतकी चीड आली होती की तोंड उघडलं असतं तर मी त्यांच्यावरच ओरडले असते. कबूल करायचं धाडस काही झालं नाही. प्रती तर केव्हाच संपल्या होत्या.

बागायतदारांना बस गाठायची होती. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. वाटलं, आता ते त्या रेघेबद्दल बोलणार. त्यांनी बोलावं असंच वाटत होतं.

“ताई, मी आलो नाही, तं तुमी तरी किती थांबणार,” ते म्हणाले. “तुमाले तरी भेटला न शेवट?”

त्यांचा चेहरा पाहून मला नाही म्हणवेना. “हो,” मी म्हटलं.

“मंग सांगा न कसा हाये.”

आणि मी सांगू लागले. बास हळूहळू खाली उतरतो, म्हटलं. ड्रमवाला नुसता तारांचा ब्रश फिरवतो. मग सॅक्सोफोन येतो, पण सुरुवातीची धून पूर्ण करत नाही, अर्धीच सोडतो. फाटकाच्या पट्टीवर बोटांनी ठेका धरून मी एक शेवट रचत होते, आणि ते रविवारी बसतात तसे डोळे मिटून ऐकत होते. मध्ये एकदाही त्यांनी मला थांबवलं नाही.

“चांगला हाये,” डोळे उघडून ते म्हणाले. “इतके वर्षं थांबल्याचं चीज झालं तुमचं, ताई.”