डोंग्यातले दगड

बुद्धभूषण बन्सोड सरांना वह्या तपासण्याचा कंटाळा नव्हता, वैताग होता. गोंदियाच्या एका कॉलेजात ते बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला फिजिक्स शिकवत. वर्गात एकसष्ट मुलं, आणि एकसष्ट वह्यांत एकच उत्तर. तेही एकाच चुकीसकट. पोरं एकमेकांचं वाचतात ते फक्त उतरवून घ्यायला, हे बारा वर्षं बघून झाल्यावर २००९ च्या पावसाळ्यात त्यांनी ठरवलं की आता यांना एकमेकांचं तपासायलाच लावायचं.

जवळच्या नागरा गावाहून स्कूटरवर येणारा हा माणूस संगणक शिकला होता तो पुस्तकं वाचून. दोन महिने खपून त्यांनी एक साइट उभी केली. मुलानं गृहपाठ तिथं टाइप करायचा. मग तो नाव झाकून दुसऱ्या तिघांकडे जाणार, ते सरांचं उत्तर समोर ठेवून गुण देणार, आणि तिघांची सरासरी म्हणजे मार्क.

लॅबमध्ये संगणक बारा, चालू पाच. मराठी उमटायचं तर त्याचे चौकोन व्हायचे, म्हणून पोरं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची. अर्धं उत्तर झालं की मागून आरोळी, "सर, लाइट चली गई!" लिहिलेलं सगळं पाण्यात. सरांनी मग दर मिनिटाला आपोआप साठवण्याची सोय केली. त्यात तीन रविवार गेले.

पहिल्या गृहपाठाचा निकाल लागला. एकसष्टच्या एकसष्ट मुलांना दहापैकी दहा.

"अरे, कोऱ्या पानालाही दहा?" सरांनी वर्गात विचारलं.

"सर, कोणाचं मन कायले दुखवाचं?" मागच्या बाकावरून उत्तर आलं.

सरांनी नियम केला, गुणांबरोबर कारण लिहा, किमान वीस शब्द. एकानं 'छान' हा शब्द वीस वेळा लिहिला. दुसऱ्यानं लिहिलं, अक्षर सुंदर आहे. संगणकावर टाइप केलेलं अक्षर! तिसऱ्यानं कोणाशी तरी भांडण झालं होतं म्हणून तिघांनाही शून्य दिलं. नावं झाकलेली, म्हणून वैरी हाती लागावा यासाठी आणखी दोघांचा बळी.

तेव्हा सरांनी डोकं लावलं. ज्यानं दिलेले गुण इतरांपेक्षा फार वेगळे पडतील, त्याच्या तपासणीचं वजन आपोआप कमी व्हायचं आणि त्याच्या पडद्यावर लाल अक्षरांत सूचना यायची. हा नियम बसवल्यावर सर पहिल्यांदाच थोडे खूश झाले. लॅब सांभाळणाऱ्या दुधरामला त्यांनी चहाही पाजला.

पुढच्याच आठवड्यात प्रेरणा वलथरे दारात येऊन उभी राहिली. नवेगाव बांधची, मासेमारी करणाऱ्या घरातली, वर्गात फारशी न बोलणारी.

"सर, माह्या नावापुढं हे काऊन लिवून आलं? 'तुमची तपासणी विश्वासार्ह नाही'?"

सरांनी पाहिलं. प्रश्न असा होता : तळ्यात डोंगा, म्हणजे लहान नाव आहे, डोंग्यात दगड आहेत. दगड पाण्यात टाकले तर तळ्याची पातळी वाढेल, उतरेल की तेवढीच राहील? प्रेरणानं तिघांनाही शून्य दिलं होतं. आणि तिच्या स्वतःच्या उत्तरालाही बाकीच्यांनी शून्य दिलं होतं.

"तू उतरेल लिहिलंस. तेवढीच राहते. मी दिलेल्या उत्तराशी ताडून बघायचं, एवढंच काम होतं तुझं."

"मंग तुमचंच उत्तर चुकलं हाये."

सरांना राग आला. घाम गाळून उभारलेल्या यंत्रावर, आणि वर फिजिक्सवर, ही पोरगी बोट ठेवते! "प्रेरणा, साठ जण एक म्हणतात आणि तू वेगळं?"

"साठाईनं एकाच गाइडातून उतरवलं, सर. दगड डोंग्यात असला का आपल्या वजनाइतकं पाणी सरकवते. बुडाला का फक्त आपल्या आकाराइतकं. दगड त पाण्याहून जड. मंग पाणी कमी नाही सरकणार?"

सरांना आठवलं. तो प्रश्न त्यांनी घाईत दिला होता, आणि उत्तरही त्याच गाइडातून घेतलं होतं.

दुधराम कपाटाशी उभा राहून ऐकत होता. तो म्हणाला, "सर, करूनच पाहा ना. काचेची टाकी हाये, वजनं हायेत."

टाकीत पाणी भरलं. त्यावर स्टीलची वाटी तरंगत ठेवली, तिच्यात पितळी वजनं मांडली. सरांनी पेनानं काचेवर रेघ ओढली. मग एकेक वजन उचलून पाण्यात सोडलं. पाणी रेघेच्या खाली गेलं. बोटभर नाही, पण स्पष्ट दिसेल इतकं खाली.

 प्रेरणानं नुसतं सरांकडे पाहिलं, आणि तेच त्यांना जास्त लागलं. चूक उत्तराची तर होतीच, पण आपणच बसवलेल्या नियमानं वर्गात एकट्या बरोबर असलेल्या पोरीला लाल अक्षरांत खोटं ठरवलं, हे त्यांना गिळवेना.

दुसऱ्या दिवशी टाकी वर्गात आणून त्यांनी प्रयोग पुन्हा केला. "उत्तर माझं चुकलं होतं. प्रेरणाचं बरोबर आहे," ते म्हणाले. तिला दहा मिळाले. बाकीच्यांना काय मिळालं ते सांगायला नको. 'सर, हा अन्याय हाये' असा गलका झाला तेव्हा सर ओरडलेच, "गाइडाला जाऊन सांगा!"

तपासणीचं वजन घटवणारा नियम त्यांनी काढून टाकला. त्याऐवजी एक बटण दिलं : 'मला हे मान्य नाही'. ते दाबून कारण लिहिलं की मजकूर थेट सरांकडे.

पुढच्या गृहपाठाला एकसष्टपैकी अठ्ठावन्न जणांनी बटण दाबलं. बसस्टँडवरून स्कूटरनं घरी जाताना सरांनी स्वतःलाच शिव्या दिल्या. वह्या परवडल्या होत्या. तरी रविवारी ते लॅब उघडून बसले आणि एकेक तक्रार वाचू लागले. बहुतेक नुसतं रडगाणं होतं. पण अकरा जणांनी खरोखर कारण दिलं होतं, स्वतःच्या शब्दांत, आणि त्या अकरांची कारणं अकरा तऱ्हेची होती.