सावलीत वाळवायचं शेवाळ

कुसुमला जाऊन आज वर्ष झालं, आणि तिनं वाळवलेलं शेवाळ परवा परीक्षेत नापास झालं.

सांगतो. पण मित्रहो, आधी तुमची विचारपूस, नाहीतर ती मला वरून बोलेल. फोन लागला की तब्येत विचारल्याशिवाय ती कधी कामाचं बोलली नाही.

वामनराव, गुडघा काय म्हणतो? जिना चढता येतो का?

बेबीताई, शुगर ताब्यात आहे ना? संत्राबर्फी लांबूनच बघायची.

संजू, हिंगण्याची नाईट शिफ्ट सुटली, की अजून डुलक्या घेत मोटरसायकल चालवतोस?

मी बरा आहे. वेळेवर जेवतो. घर तेवढं मोठं झालंय.

तर शेवाळ.

माझी पुतणी सायली इथल्या एका कॉलेजात रिसर्च करते, राहते आमच्याकडे. समुद्रातल्या शेवाळात कॅन्सरवर चालेल असं काही सापडतं का, हा तिचा विषय.

नागपूरला समुद्र कुठला. ती कोकणात जायची, ओहोटीला खडकांवरून शेवाळ काढायची, धुऊन थैल्या भरायची आणि रेल्वेनं घरी आणायची.

विषय तिनं आधीच निवडला होता. कुसुमच्या छातीतली गाठ नंतर निघाली. मग घरात त्या विषयाचं नाव कोणी मोठ्यानं घेईना.

दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा. केमो सुरू होती. सायलीनं मागच्या खोलीत पेपर अंथरून शेवाळ पसरवलं आणि कॉलेजला गेली.

कुसुमनं ते ओलंकच्च पाहिलं. गच्चीवर कुरडया वाळतच होत्या. डॉक्टरांनी उन्हात जाऊ नका म्हणून सांगितलेलं, पण ही ऐकते थोडीच. सगळं शेवाळ वर नेलं आणि कुरडयांच्या शेजारी जुन्या साडीवर छान पसरून दिलं.

दुपारपर्यंत कडकडीत. रंग उडून वाळल्या गवतासारखं.

सायली आली, वर गेली, आणि पायरीवर बसून राहिली.

"काकू, हे सावलीत वाळवतात. उन्हानं आतलं कामाचं जे असतं, तेच जातं."

"अवं, मंग सांगाचं ना मले. म्या म्हटलं ओलं हाय, कुजून जाईन."

सायली साडीवरचं शेवाळ गोळा करायला लागली.

"हे गेलं. दुसरं आन," कुसुम म्हणाली. "आता माह्यावर सोड."

बोलली खरी, पण तोंड एवढंसं झालं होतं. रात्री कुरडया डब्यात भरताना म्हणे, "जन्मभर वाळवणाले ऊनच दाखोलं. सावलीत वाळाची चीज मले काय माईत."

सायली पुन्हा कोकणात जाऊन आली. तेव्हापासून मागची खोली कुसुमच्या ताब्यात. खिडकीला चादर, पंखा बारीक, आणि कूलर बंद, कारण ओली हवा चालत नाही.

नागपूरचा मे महिना, आणि ही तिथंच खाट टाकून बसलेली.

मी म्हटलं, "शेवाळ राहू दे तिथं, तू तरी बाहेर ये."

"काहून? मलेही सावलीतच ठेवाचं सांगतलं ना डॉक्टरनं?"

फोडणीच्या वासानं तिला उलटी यायची. त्या शेवाळाच्या वासानं कधी आली नाही.

शेजारच्या बाईंनी सल्ला दिला, याचाच काढा करून घ्या. कुसुम म्हणाली, "पोरीचा अभ्यास हाय बाई तो, चहापत्ती नाई."

पण तिच्याही मनात असणारच. एक दिवस शेवाळ पलटता पलटता तिनं विचारलं. मी दारात उभा होतो.

"सायली, खरं सांगजो. हे माह्या कामाचं हाय का?"

मला वाटलं, पोरीनं हो म्हणावं. काय जातं.

"नाही काकू. हे औषध नाही. याची पावडर करायची, अर्क काढायचा, काचेतल्या पेशींवर टाकून बघायचं. काही निघालंच, तरी त्याचं औषध व्हायला कित्येक वर्षं जातात. बहुतेकदा निघतच नाही."

कुसुमनं हातातलं शेवाळ पलटून पेपरवर ठेवलं.

"मंग कोणाच्या तरी कामाचं असंन," कुसुम म्हणाली. "तिकडचा पेपर ओला दिसून राहिला. बदलव."

त्या दिवसानंतर तिनं तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. शेवाळ मात्र रोज पलटलं.

ती गेली, तेव्हा तिच्या शेवाळाची पावडर कॉलेजच्या फ्रीजमध्ये होती. तपासणीचा नंबर लागायचा होता.

तो परवा लागला. सायली सध्या बापाकडे वाडीला आहे. तिचा फोन आला.

"काका, नापास. कॅन्सरच्या पेशी मेल्या, पण चांगल्याही तेवढ्याच मेल्या. असं तर फिनाईलनंही होतं."

मग रडली. "काकूचं होतं हो ते. तेच निघायला पाहिजे होतं."

जरा वेळानं म्हणाली, "मी विषय बदलू का, काका?"

मी हिंगण्याच्या कारखान्यात जन्म काढलेला फिटर. पेशीबिशी सगळं तिच्याकडूनच विचारून विचारून शिकलो. विचार करून सांगतो म्हटलं आणि फोन ठेवला.

आज सकाळी कुसुमच्या फोटोला हार घातला. तिला आवडायची म्हणून कुरडई तळली. मग मागच्या खोलीत गेलो.

मित्रहो, आपापल्या तब्येती खाली लिहा. मी तिला वाचून दाखवीन.

आणि सायली, तू हे वाचशीलच. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुझी काकू त्या दिवशी गच्चीवरच देऊन गेली. हे गेलं, दुसरं आन.

मी खोली पुसून घेतली आहे. खिडकीला चादर लावली आहे. कूलर बंद आहे.

थैल्या घेऊन कोकणात कधी निघतेस, ते लवकर लिहून कळव.