पॅरामॅटातली मागची भिंत

मी निघाले तेव्हा बाबा मुंबई विमानतळाच्या दारापर्यंत आले आणि निरोप द्यायचा सोडून खांबावर बोट आपटून म्हणाले, "पोकळ आहे." फलटणचा गवंडी माणूस. त्यांना रडायचं नव्हतं, एवढंच. आई म्हणाली, "तिथे जपून बोल गं."

ते काही जमलं नाही. हे तुम्हा घरच्यांना सांगतेय आणि माझ्यासारख्या इकडे आलेल्यांनाही.

युनी, म्हणजे इथलं विद्यापीठ, संपल्यावर पॅरामॅटातल्या एका छोट्या आर्किटेक्ट फर्ममध्ये लागले. व्हिसाची स्पॉन्सरशिप त्यांचीच. काम आलं दोनशे वर्षांपूर्वीच्या जॉर्जियन धाटणीच्या एका टाउन हाउसच्या दुरुस्तीचं. इंग्लंडहून शिक्षा होऊन आलेल्या कैद्यांनी भाजलेल्या विटा, मधोमध दार, दारावर अर्धचंद्राची काच, दोन्हीकडे सारख्या दोन-दोन खिडक्या, वर पाच. नक्षी नाही, तोरा नाही. सगळा देखणेपणा मापात. पहिल्याच दिवशी मोजता मोजता मी त्या घराच्या प्रेमात पडले.

मागची भिंत ओली होती. बॉस ग्रेग मीटिंगमध्ये म्हणाला, "सिमेंट प्लास्टर. आर्वोपर्यंत ड्रॉइंगवर सही करून पाठव." आर्वो म्हणजे इथली दुपार.

"वीट मऊ आहे. सिमेंटने ओल आत कोंडेल. चुनाच हवा."

"मेट, ही घरं आमची आहेत. तुला काय माहीत?"

"माझे बाबा देवळांच्या डागडुजीला अजून चुना मळतात."

मीटिंगमधले सगळे हसले. मी सही केली नाही. चौथ्या दिवशी जुन्या वास्तूंच्या कामाला मंजुरी देणारी काउन्सिलची अधिकारी साइटवर आली, तेव्हा ग्रेगसमोरच मी सिमेंटच्या एका जुन्या ठिगळाला छिन्नी लावली. पोपडा निघाला आणि मागची वीट पिठासारखी हातात आली. तिने ती बोटांत चुरली. म्हणाली, "लाइम."

भिंत चुन्यात झाली. माझी स्पॉन्सरशिप मात्र "नो वरीज, बघू" म्हणत गेली ती गेलीच. दुसरी नोकरी शोधली, पीआरला, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याला, आणखी तीन वर्षं लागली. पस्तावले नाही.

तुम्ही फोनवर विचारता, आता घर कुठलं? फलटणचं जन्मानेच मिळालं. इथलं मी भांडून मिळवलंय, ते सोडणार नाही.

गेल्या महिन्यात ते टाउन हाउस लोकांसाठी खुलं झालं. दारातल्या वयस्कर गाइडबाईंनी प्रेमाने विचारलं, "सुट्टीवर आलात का?"

"नाही, मी इथलीच," मी म्हटलं. "चला, मागची भिंत दाखवते."

त्या आल्या.