वसुधाताईंची मधपेटी

परवा पुण्यात शेजाऱ्यांनी नारळाच्या शेंड्या पेटवल्या, आणि त्या धुराच्या वासाने मी वीस वर्षं मागे, सिंगापूरला गेले.

तिथे बुकित तिमाह भागात आमच्या ओळखीच्या वसुधाताई राहायच्या; त्यांच्या घरामागे मधमाश्यांची पेटी होती. तिथे थंडी नसते, पण डिसेंबरच्या पावसात माश्यांची उपासमार होते. त्याआधी ताई पेटीची तयारी करत. माझी सात वर्षांची ईरा दर शनिवारी त्यांच्याकडे असायची. त्या दिवशी तिला आणायला गेले, तर ती उकिडवी बसून माश्यांसाठी साखरेचा पाक ढवळत होती. ताई शेंड्यांचा धूर देत पेटीचं तोंड पट्टीने अरुंद करत होत्या.

"ताई, पाऊस पडताना त्या आत काय करतात?" ईराने विचारलं.

"एकमेकींना चिकटून बसतात."

"मग त्यांना भीती नाही वाटत."

मी जागीच थांबले. घरी मी मराठीत काहीही विचारलं, तरी ती इंग्रजीतच उत्तर द्यायची.

"ईरा, चल," मी म्हटलं.

"वेट लाह, मम्मी." माझ्याशी लगेच तिचं सिंगापुरी इंग्रजी.

टॅक्सीत मला एकच सलत होतं: ताईंशी मराठी, माझ्याशी इंग्रजी. पुढच्या शनिवारी तिला पाठवलं नाही, त्यानंतरही नाही. ताईंचा दोनदा फोन आला. मी परीक्षेचं कारण सांगितलं.

ताईंनी तिला कधी मराठी शिकवलं नव्हतं, फक्त कामाला सोबत घेतलं होतं. मी मात्र आधी ती मराठीत बोलायची तेव्हा तिच्या चुका काढत बसायचे. ईरा आजही मला रोज फोन करते, मायेने चौकशी करते, इंग्रजीत. तिचं मराठी जिथे आपोआप उमलत होतं, तिथून तिला मीच उठवून आणलं.