कालव्यावर उतार नसतो

रविवारी आम्ही अकरा जण भीमाशंकरच्या जंगलात चालायला जातोय. तिथल्या वाटाड्यानं काल संध्याकाळी फोन करून तसं पक्कं सांगितलं. गेल्या आठवड्यापर्यंत यादीत दहाच नावं होती... अकरावं नाव मीच खोडलं होतं.

आम्ही म्हणजे बारामतीत रोज सकाळी कालव्याच्या कडेनं चालणारी साठीपुढची मंडळी. यंदा ठरलं की एक दिवस खऱ्या दाट जंगलात चालायचं. जिथं भर दुपारी ऊन जमिनीवर पोचत नाही, असं सदाहरित जंगल. आमच्याकडं हिरवं खूप आहे हो... पण उसाच्या सावलीला कोण बसतं?

आखणी माझ्याकडं आली. जळवा आणि चिखल नको म्हणून पावसाळा टाळला, फेब्रुवारी धरला. आदल्या दिवशी पायथ्याला मुक्काम, सकाळी सातला सुरुवात, दर अर्ध्या तासानं बसायचं, दुपारी एकच्या आत परत. गोळ्या प्रत्येकाच्या स्वतःच्या खिशात, आणि कोणाला कशाची गोळी चालू आहे त्याचा कागद माझ्याकडं.

वर एक नियम केला. कालव्यावर पाच किलोमीटर सव्वा तासात चालेल, तोच येईल. बातमीच्या डेडलाइनवर जन्म काढलेला माणूस मी... घड्याळावर माझा फार विश्वास.

हिराआत्यानं हे ऐकलं आणि पळसदेवहून एसटीनं आली. माझी सख्खी आत्या, वय चौऱ्याहत्तर, कंबरेत वाकलेली, हातात काठी. म्हणाली, "सुऱ्या, आमचं गाव ज्या पाण्यात गेलं, ती भीमा तितनं निघती म्हणं. एवढं पाणी येतं कुठनं, ते मला एकदा बघायचंय."

तिला पाच किलोमीटरला पावणेदोन तास लागले. मी नियम सांगितला. ती एवढंच म्हणाली, "न्हाय का? बरं." आणि दुपारच्या गाडीनं परत गेली. वाद घातला असता तर बरं वाटलं असतं...

दोन दिवसांनी वाटाड्याशी पहिल्यांदा सविस्तर बोललो. आमची मंडळी रोज पाच किलोमीटर चालतात, हे मी जरा ऐटीतच सांगितलं. त्यानं विचारलं, "आणि उताराला कशी आहेत?"

"कालव्यावर उतार नसतो," मी म्हणालो.

तो म्हणाला, "चढताना माणूस दमतो, बसतो, पाणी पितो. पडतो तो उतरताना. आमच्याकडं अजून पानांखाली ओल आहे. आधी कुठंतरी ओल्या उतारावर चालवून बघा."

दुसऱ्या दिवशी कालव्यावर हे सांगितलं. लोणी देवकरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले आमचे आबा म्हणाले, "आपल्याकडं उतारा एकच, सातबाऱ्याचा! त्यावरनं मात्र लई माणसं घसरल्यात." सगळे हसले. पण प्रश्न खराच होता. या सपाट मुलखात ओला उतार आणायचा कुठून?

मग उजनीची आठवण झाली. या दिवसांत धरणाचं पाणी मागं सरकतं आणि काठाला ओल्या गाळाचा उतार उघडा पडतो. पळसदेवला तर आत्याच्या घराजवळच. नाव खोडलेल्या बाईच्या दारात परीक्षेला जायचं, म्हणजे थोडं अवघडच... पण गेलो. तिनं रागाचं काही दाखवलं नाही, सगळ्यांना चहा दिला.

नवे ट्रेकिंगचे बूट घालून पहिला मी उतरलो. चौथ्या पावलाला बसलो. मला उठवायला आलेले आबा माझ्या शेजारी बसले.

वरून आत्याचा आवाज आला. "आरं, टाच काय मारतोस? म्हशीमागं पळतोयस व्हय?"

तिनं चपला काढल्या. काठी आधी पुढं, मग पाऊल तिरकं आणि सपाट, मग अंगाचा भार. सावकाश खाली पाण्यापर्यंत गेली आणि तशीच वर आली. नंतर एकेकाला पुढं बोलवलं. "आबा, पायानं आधी इचारायचं, गाळ व्हय म्हणला की मग उभं ऱ्हायचं. घाई कुणाला हाय हितं?"

धरणाचं पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळात पेरणी करतात, तिला इकडं गाळपेर म्हणतात. आत्यानं ती चाळीस वर्षं केली. हे मला पहिल्यापासून माहीत होतं, पण मी घड्याळ लावून बसलो होतो.

तिथूनच वाटाड्याला फोन लावला. एक बाई हळू चालते, पण उतारावर आमच्यातली तीच पक्की आहे, असं सांगितलं. तो म्हणाला, "मग त्यांना सगळ्यात पुढं ठेवा. हळू चालणारा मागं राहिला की घाई करतो आणि पडतो." मी अंतर निम्मं केलं. सव्वा तासाचा नियम आबांनीच माझ्या वहीत खोडला.

आत्याचा मुलगा दत्ता आधी तयार नव्हता. काठीला रबरी टोपण बसवायचं आणि निघण्याआधी बीपी तपासायचं, या दोन अटींवर तयार झाला. बीपी काल तपासलं, ठीक आहे. टोपण त्यानंच आणून बसवलं.

शनिवारी दुपारी पळसदेवजवळ डाळजला हायवेवरून आत्याला गाडीत घेऊ. वाटाड्याच्या अंदाजानं रविवारी नऊपर्यंत आम्ही भीमेच्या उगमाच्या ओढ्यापाशी पोचू. या दिवसांत धार बारीक असते, हे त्यानं आधीच सांगून ठेवलंय. आत्या म्हणाली, "बारीक असू दे. पुढं केवढी हुती ते मला ठावं हाय."

ती पुढं असेल. मी तिच्या मागं... तिचं पाऊल उठेल तिथं माझं ठेवत.